डेस्कटॉपला वाय-फाय नाही, म्हणून मदरबोर्ड बदलू नका

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंनी विचारलं आहे: "मुलीने मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला प्रवेश घेतलाय. तिच्यासाठी एका कंपनीने काढून टाकलेला जुना डेस्कटॉप घेतला. घरात फायबरचं कनेक्शन आहे. राउटर खाली हॉलमध्ये आणि कॉम्प्युटर वरच्या खोलीत. फोनवर नेट छान चालतं, पण कॉम्प्युटरवर वाय-फायचं चिन्हच दिसत नाही. दुकानात नेला तर म्हणाले, या मदरबोर्डात वाय-फाय नाही, बोर्डच बदलावा लागेल, साडेपाच हजार होतील. काय करू?"

ताई, बोर्ड बदलू नका. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीही बिघाड नाही. लॅपटॉप घरभर फिरतो, म्हणून त्यात वाय-फाय कंपनीतूनच बसवून येतं. डेस्कटॉप एका जागी बसणारा. ऑफिसात तो भिंतीतल्या लॅन पॉइंटला वायरने जोडलेला असायचा, म्हणून तशा मशीनच्या बोर्डावर वायरचं पोर्ट असतं आणि वाय-फाय बहुधा नसतं. म्हणजे नेटला जोडायची सोय त्यात आहेच, फक्त ती वायरची आहे. आणि वायर नको असेल तर वाय-फाय बाहेरून जोडता येतं, त्यासाठी बोर्डाला हात लावावा लागत नाही. मी बावीस वर्षं नाशकात हेच काम करतो आहे, नाशिकरोडपासून सातपूरपर्यंत. केवळ वाय-फाय नाही म्हणून बोर्ड बदलण्याची गरज मला आजवर एकाही घरात पडली नाही. साडेपाच हजारांत मुलीची पुस्तकं येतात. ते पैसे आधी बाजूला ठेवा.

खरेदीचं नंतर बघू. आज संध्याकाळी मुलीला अभ्यासाला बसायचं असेल तर त्याची सोय तुमच्या हातातच आहे. अँड्रॉइड फोन आणि त्याची चार्जिंगची वायर घ्या. वायरचं एक टोक फोनला, दुसरं कॉम्प्युटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग असं पान असतं, त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. ते बटण वायर लावल्याशिवाय दाबताच येत नाही, त्यामुळे आधी वायर, मग बटण. दहा-पंधरा सेकंदांत कॉम्प्युटरच्या खालच्या कोपऱ्यात नेट आल्याची खूण दिसेल. विंडोज १० मध्ये त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही.

इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर टेदरिंगमधून कॉम्प्युटरला तेच फायबरचं नेट मिळतं. मोबाइलचा डेटा जात नाही. म्हणजे तेवढ्या वेळापुरता तुमचा फोनच कॉम्प्युटरचं वाय-फाय कार्ड होतो. लोक उगाच डेटा संपेल म्हणून घाबरतात. मात्र हे अँड्रॉइडचं झालं. आयफोन या वाटेने फक्त मोबाइल डेटाच पुढे देतो, घरचं वाय-फाय देत नाही, आणि विंडोजवर त्याच्यासाठी अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर आधी टाकावं लागतं. कधी मोबाइल डेटावरच चालवायची वेळ आली, तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवा. नाहीतर मागच्या मागे अपडेट सुरू होतात आणि दिवसाचा दीड-दोन जीबी तासाभरात उडतो.

बटण फिकटच राहिलं, दाबता येईना, तर आधी वायरवर संशय घ्या. स्वस्तातल्या काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, आतल्या डेटाच्या दोन तारा त्यात घातलेल्याच नसतात. फोनच्या डब्यातून आलेली वायर लावून बघा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा घरात आल्या आणि बाजारात वाय-फायचे डोंगल (यूएसबीला लावून वाय-फाय देणारे छोटे तुकडे) मिळेनासे झाले, तेव्हा मी कितीतरी घरांना फोनवरूनच ही वाट सांगितली. पाथर्डी फाट्याजवळच्या एका घरात दोन भावंडं एकाच डेस्कटॉपवर आळीपाळीने बसायची आणि त्याला नेट द्यायला आजोबांचा जुना फोन होता, स्क्रीनला तडा गेलेला. त्यांचं अख्खं सत्र त्यावर पार पडलं. घरात असा पडून असलेला फोन असेल तर तो कायमचा मागे लावून ठेवला तरी चालेल. फक्त त्याची बॅटरी फुगली नाही ना, ते अधूनमधून बघत जा. पाठीचं झाकण वर आलं असेल तर तो फोन लगेच काढा.

आता कायमचा उपाय. माझं मत सरळ आहे: जिथे वायर ओढता येते तिथे वायर ओढावी. वाय-फाय ही शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट वाटून घेतलेली हवा आहे. सिडकोत घराला घर लागून, प्रत्येकाचा राउटर चालू, वर आरसीसीचा स्लॅब. वायर मात्र तुमच्या एकट्याची असते. परीक्षेचा पेपर अपलोड करताना शेवटच्या मिनिटाला गोल गोल फिरणारं चक्र मी बऱ्याच पोरांच्या डोळ्यांत बघितलं आहे, म्हणून हा आग्रह.

राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतचं अंतर सुतळीने मोजा. हवेतून नको, वायर ज्या वाटेने जाणार त्या वाटेने मोजा: हॉलच्या कोपऱ्यातून जिन्याच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून वर. सिडकोच्या घरात हे बहुधा पंधरा-वीस मीटरच्या आत बसतं. लॅन वायर शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग बिनतक्रार नेते, त्यामुळे लांबीची काळजी करू नका. कॅट सिक्स जातीची वायर मागा, कॅट फाइव्ह-ई मिळाली तरी तुमच्या कामाला पुरून उरेल. दोन्ही टोकांना जॅक बसवलेली तयार वायर मिळते. एम. जी. रोडला चौकशी केलीत तर पंधरा-वीस मीटरची वायर साधारण पाचशे-सहाशे रुपयांच्या आसपास सांगतील, दुकानागणिक थोडं कमीजास्त.

वायर घेताना एवढं विचाराच: पूर्ण तांब्याची आहे का? बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर भरपूर विकली जाते आणि वरून ओळखू येत नाही. ओळखायचं असेल तर कापलेल्या टोकाची एक बारीक तार ब्लेडने हलकेच खरवडा. आतून पांढरी चमक दिसली तर अ‍ॅल्युमिनियम, खरवडल्यावरही लालसर राहिली तर तांबं. अ‍ॅल्युमिनियमची तार दोन-चारदा वाकवली की तुटते. मग जिन्याच्या वळणावर आतल्या आत तुकडा पडतो आणि दोष शोधता शोधता माणूस हैराण होतो.

वायर सुटी घेऊन घरीच जॅक बसवून घेणार असाल, तर ते काम समोर उभं राहून करून घ्या. आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. त्यांचा क्रम ठरलेला आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. बारकाईने बघा, हिरव्याची जोडी मध्ये फोडलेली आहे आणि तिच्या दोन तारांमध्ये निळ्याची जोडी बसवली आहे. नवख्या माणसाला हे विचित्र वाटतं आणि तो रंग ओळीने लावून टाकतो: नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, जोडीला जोडी.

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात मला याचा चांगलाच धडा मिळाला. तिथल्या भिंती दीड-दोन हात रुंद, दगड-मातीच्या. पुढच्या चौकातल्या राउटरचा सिग्नल माजघर ओलांडून मागे पोहोचेच ना. म्हणून कुणीतरी वायर ओढून दिलेली होती. वायर तपासायचा टेस्टर लावला तर आठच्या आठ दिवे एकामागून एक नीट लागत होते. तरीही नेट तुटत होतं. पान अर्धं उघडायचं आणि थांबायचं. राउटर बदलून झाला, कॉम्प्युटर फॉरमॅट करून झाला. मी गेलो तेव्हा दुपार होती आणि माजघरात उजेड कमी. जॅक खिडकीशी नेऊन भिंगातून बघितला, तर रंग ओळीने जोडीला जोडी. झालं होतं असं की, संदेश ज्या दोन तारांतून जायला हवा त्या एकमेकींना पिळलेल्याच नव्हत्या. पीळ असतो तो बाहेरचा आणि शेजारच्या तारांचा गोंगाट खोडून काढायला. जोडी फुटली की पीळ वाया जातो. साधा टेस्टर तार या टोकाची त्या टोकाला पोहोचली एवढंच बघतो, जोडी कोणाशी आहे हे त्याला कळत नाही. हातभर वायर असती तर कदाचित चालूनही गेलं असतं, पण तिथे तीस मीटर होती. दोन्ही टोकं कापली, क्रमाने दोन जॅक बसवले, दहा मिनिटांचं काम. त्या घरातल्या काकांनी आठ महिने त्रास काढला होता.

जॅक बसवताना आणखी दोन गोष्टी बघा. तारांची टोकं जॅकच्या पुढच्या पारदर्शक भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. आणि वायरचं बाहेरचं जाड आवरण जॅकच्या आत, मागच्या दाबपट्टीखाली गेलेलं असलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं आणि नुसत्या बारीक तारा दिसत असतील तर तो जॅक सहा महिन्यांत ढिला होणार.

वायर विजेच्या पाइपातून नेऊ नका. इलेक्ट्रिशियन म्हणेल की पाइपात जागा आहे, ओढून टाकू. नको. विजेच्या वायरीशेजारून लांबवर गेलं की गोंगाट पकडला जातो, आणि आतलं एखादं आवरण सोलवटलं तर २३० व्होल्ट सरळ लॅनच्या तारेवर येण्याचा धोका. भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीत न्या, विजेची लाइन ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. खिडकीतून बाहेर काढून वर न्यायची असेल तर बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची वायर घ्या. आपल्याकडच्या उन्हात राखाडी आवरण दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतं. आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळातून गळून जाईल, वायरच्या आधाराने घरात येणार नाही.

गच्चीवरून मात्र वायर टाळा. शेजारच्या इमारतीत तर तांब्याची वायर अजिबात नेऊ नका. मे महिन्यात वळीव येतो, ऑक्टोबरात परतीचा पाऊस, आणि दोन्हींत कडकडाट असतो. फायबर घराघरात येण्याआधी केबलवाल्यांच्या तांब्याच्या वायरी या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबायच्या. एका वळवाच्या संध्याकाळी जवळच कुठेतरी वीज पडली, आणि दुसऱ्या दिवशी एकाच गल्लीतून माझ्याकडे पाच कॉम्प्युटर आले. सगळे चालू, पण लॅन पोर्ट सगळ्यांचं मेलेलं. वीज अंगावर पडावीच लागते असं नाही, आसपास पडली तरी लांब तारेत झटका उतरतो. फायबर काचेचं असल्यामुळे त्यातून वीज येत नाही, तेवढी चिंता आता मिटली. पण राउटरच्या अ‍ॅडॉप्टरमधून झटका येऊ शकतो. ढग गडगडायला लागले की राउटरचा आणि कॉम्प्युटरचा प्लग काढा, आणि लॅनची वायरही. प्लग सगळे काढतात, लॅन वायर विसरतात.

वायर लावल्यावर पोर्टाशेजारचा बारीक दिवा बघा. तो लागला म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांना ओळखतायत. दिवा नाहीच लागला तर राउटरचं दुसरं पोर्ट लावून बघा, मग दुसरी छोटी वायर लावून बघा. तरीही नाही, तर कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ऑनबोर्ड लॅन बंद करून ठेवलेलं नाही ना ते तपासा. ऑफिसातून काढलेल्या मशीनमध्ये असं कधीकधी असतं. दिवा लागतोय पण नेट नाही, तर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ता दिलेलाच नाही. बऱ्याचदा ऑफिसचा जुना ठरावीक पत्ता मशीनमध्ये भरून ठेवलेला असतो, तोही नेट अडवतो. नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन पत्ता आपोआप घेण्यावर टाका. फायबरच्या डब्याला, म्हणजे राउटरला, बहुधा एकाहून जास्त पोर्ट असतात, त्यातलं एखादं टीव्हीच्या सेवेसाठी राखून ठेवलेलं असू शकतं, म्हणून पहिल्या पोर्टापासून सुरुवात करा. आणि वेग शंभर एमबीपीएसवरच अडकलाय, हजार (एक गिगाबिट) दिसत नाही, असं असेल तर आठपैकी एखादी तार नीट लागलेली नसण्याची शक्यता मोठी. शंभरला चारच तारा लागतात, हजारला आठही लागतात. अर्थात काही डब्यांची आणि जुन्या बोर्डांची पोर्टंच शंभरची असतात, तेही बघून घ्या.

पोर्ट खरंच मेलेलं निघालं, तरीही बोर्ड बदलायचा नाही. यूएसबीला लावायचा लॅन कन्व्हर्टर मिळतो, नाहीतर आतल्या स्लॉटमध्ये बसणारं लॅन कार्ड. दोन्ही हजाराच्या आतबाहेर.

वायर अगदीच शक्य नसेल, भाड्याचं घर असेल, मालक खिळा मारू देत नसेल, तर यूएसबी वाय-फाय डोंगल घ्या. यात दोन जाती आहेत आणि दुकानात बहुधा स्वस्तातली हातात ठेवतात. नखाएवढा नॅनो डोंगल तीन-चारशे रुपयांत येतो, पाकिटावर वेग १५० एमबीपीएस लिहिलेला असतो. हा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्या दीडशेतले हाती प्रत्यक्षात पन्नासही लागले तर चांगलं म्हणायचं, आणि वस्ती दाट असेल तर त्याहून कमी. तुमच्या राउटरची दोन नावं दिसत असतील, त्यातल्या एकापुढे फाइव्ह-जी असेल, तर ते नाव नॅनो डोंगलला दिसणारच नाही. मग माणसाला वाटतं डोंगल खराब आहे. (हे फाइव्ह-जी म्हणजे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे, वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. या नावामुळे फार घोटाळा होतो.) दुसरी जात दोन्ही पट्ट्यांवर चालणारी, उभा अँटेना असलेली, साधारण हजार रुपयांपासून पुढे. घ्यायचा तर हा घ्या. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त पण भिंती आणि स्लॅब त्याला लवकर अडवतात. २.४ दूर पोहोचतं पण गर्दीत सापडतं. वरच्या खोलीत दोन्ही लावून बघायची मुभा हवी, म्हणून दोन पट्ट्यांचा. बिननावाच्या पाकिटावर मोठमोठे आकडे छापलेले असतात, त्यांना भुलू नका. टीपी-लिंक, डी-लिंक यांसारखं ज्याचं ड्रायव्हर (कॉम्प्युटरला ते उपकरण चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्या साइटवर सापडतं असंच काहीतरी घ्या.

कारण खरी अडचण ड्रायव्हरची होते. डोंगल चालायला ड्रायव्हर हवं, ड्रायव्हर नेटवर, आणि नेट यायला डोंगल हवा. पाकिटात सीडी असते, पण कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह नसतो किंवा असलेला चालत नसतो. इथेही तुमचा फोन कामाला येतो: यूएसबी टेदरिंगने नेट द्या, ड्रायव्हर उतरवा, बसवा, मग फोन काढा. काही डोंगल लावल्यावर आधी सीडीसारखे दिसतात, कारण ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतं. 'धिस पीसी' उघडून बघा, नवीन ड्राइव्ह दिसला तर त्यातलं सेटअप चालवा. मुलगी विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरणार असेल तर मीडियाटेकची चिप असलेला डोंगल विचारून घ्या, रिअलटेकच्या काही चिपांना तिथे ड्रायव्हर हाताने बसवावं लागतं.

आणि डोंगल कॅबिनेटच्या मागे खुपसून ठेवू नका. ही चूक मला दहातल्या सात घरांत दिसते. मागे भिंत, पुढे पत्र्याचा डबा, वर टेबल. सिग्नल येणार कुठून? त्यात निळ्या यूएसबी ३.० पोर्टांचा आणि त्यांना लावलेल्या ड्राइव्हचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास उमटतो. इंटेलने २०१२ मध्येच मोजमापं देऊन हे प्रसिद्ध केलं आहे. शे-दीडशेची एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर, मॉनिटरच्या वरच्या कडेला, जिन्याच्या दाराकडे तोंड करून ठेवा. नुसत्या एवढ्याने दोन कांड्यांच्या चार कांड्या झालेल्या मी बघितल्या आहेत.

डोंगलपेक्षा पक्कं काम म्हणजे आत बसणारं पीसीआय एक्सप्रेस वाय-फाय कार्ड. दीड हजारांपासून पुढे, मागे दोन अँटेने, बऱ्याच कार्डांत ब्लूटूथही. पण ऑफिसचे जुने डेस्कटॉप पुष्कळदा चपट्या कॅबिनेटचे असतात. त्यात पूर्ण उंचीची पट्टी बसत नाही, अर्ध्या उंचीची लागते. डब्यात दोन्ही पट्ट्या आहेत ना, ते दुकानातच उघडून बघा. ब्लूटूथ हवं असेल तर कार्डातून निघणारी छोटी वायर बोर्डावरच्या यूएसबीच्या नऊ पिनांच्या जागी लावावी लागते. ती राहून जाते, आणि मग ब्लूटूथ लागत नाही म्हणून कार्ड परत येतं. तुमच्या गरजेला मी एवढा खर्च सुचवणार नाही.

घरात जुना राउटर पडला असेल तर तो 'क्लायंट' किंवा 'रिपीटर' मोडमध्ये, म्हणजे खालच्या राउटरचं वाय-फाय पकडून पुढे देणारा म्हणून, चालतो का बघा. चालत असेल तर तो वरच्या खोलीत ठेवून त्याच्या लॅन पोर्टातून हातभर वायर कॉम्प्युटरला द्यायची. ड्रायव्हरची कटकट नाही, आणि उद्या टीव्हीलाही तिथूनच वायर देता येते. विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टरही मिळतात, पण वरच्या मजल्याला वेगळा मीटर किंवा वेगळा फेज असेल तर ते बहुधा दगा देतात. सिडकोत वरचा मजला नंतर चढवून मीटर वेगळा घेतलेली घरं किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको.

तुमचं मशीन जुनं आहे म्हणून आणखी एक गोष्ट. नेट जोडलं गेलं, खूणही आली, पण साइट उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येत राहिलं, तर आधी तारीख बघा. बोर्डावरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२, संपला की बंद करून पुन्हा लावल्यावर मशीन आठ-दहा वर्षं मागे जातं आणि प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र त्याला चुकीचं वाटतं. पन्नास रुपयांचा सेल बदला, तारीख लावा. विद्यापीठाच्या पोर्टलवर लॉगिन होत नाही म्हणून माझ्याकडे आलेली काही मशीनं नुसत्या सेलने नीट झाली आहेत.

आणि कंपनीतून आलेलं मशीन आहे तसं नेटला लावू नका. आधी ते कोरं करून घ्या, त्यात कुणाचे पासवर्ड, कुणाच्या फायली असतील. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. तेवढं नवं मशीन नसेल तर लिनक्स मिंट टाका. ब्राउझर, मराठी टायपिंग, लिब्रेऑफिस, व्हिडिओवरची लेक्चर हे सगळं त्यावर होतं. टॅली मात्र विंडोजवरच चालतं. तेव्हा तिच्या अभ्यासाला टॅली लागणार असेल तर आधी मला प्रोसेसरचं नाव कळवा, मग काय टाकायचं ते ठरवू.

तुमच्या घरासाठी मी काय करेन तर: मशीन कोरं करून झालं असेल तर आजच फोन लावून तिचा अभ्यास सुरू करेन. रविवारी जिन्याच्या कडेने सुतळी टाकून अंतर मोजेन आणि त्यात तीन मीटर वाढवेन. टेबल कधी ना कधी खिडकीकडे सरकतंच, आणि तोकडी पडलेली वायर जोडून लांब करणं हे नव्याने ओढण्यापेक्षा त्रासाचं. मग कॅट सिक्स, पूर्ण तांब्याची, जॅक बसवलेली. पट्टी आणि खिळ्यांसकट हजाराच्या आत. जिन्याच्या वळणावर वायर काटकोनात घट्ट दाबून बसवू नका, पेल्याच्या काठाएवढी गोलाई ठेवा. भिंतीला भोक पाडायचं झालं तर ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा, आणि जॅक आरपार जाईल एवढं मोठं. बारीक भोकात जॅक अडतो, मग तो कापून पुन्हा बसवावा लागतो. कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा एक फोटो काढून ठेवा. पोर्टाचा दिवा लागला नाही तर त्या फोटोवरून मी फोनवरच सांगू शकेन.